विश्लेषण : टायमिंग बेल्ट बदलताना पुलीचा बोल्टच जाम झाला तर?

गाडी स्टँडवर उचललेली. पुढचे चाक काढलेले, अल्टरनेटरचा पट्टा उतरवलेला, नवा टायमिंग बेल्ट खोक्यातून काढून ठेवलेला. आणि सगळे काम अडले आहे ते एका बोल्टवर. क्रँक पुलीच्या मधोमध असलेला हा बोल्ट पाइप लावूनही जागचा हलत नाही. तुळिंज, आचोळे, संतोष भुवन या नालासोपारा पूर्वेकडच्या गल्ल्यांतले गॅरेज असो की वसई फाट्याजवळचे महामार्गालगतचे, जुन्या गाडीचा बेल्ट बदलायला घेतला की ही वेळ कधी तरी येतेच. त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय केले जाते, त्यावर काम संध्याकाळी संपणार की इंजिनाचे मोठे काम निघणार हे ठरते. हा बोल्ट इतका घट्ट का बसतो, तो काढायचा कसा आणि गाडीमालकाने कशावर लक्ष ठेवायचे?

टायमिंग बेल्टचे काम काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो आणि वर कॅमशाफ्ट. पिस्टन वर-खाली झाले की क्रँकशाफ्ट फिरतो. कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटू देतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, तोही ठरलेल्या क्षणी. हा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना कॅमशाफ्ट मिनिटाला १,५०० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि २५ वेळा मिटतो.

हा पट्टा तुटला तर कॅमशाफ्ट थांबतो, पण गाडीच्या वेगामुळे क्रँकशाफ्ट फिरतच राहतो. काही व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांना धडकतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही खड्डा पडतो. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पुरेशी जागा सोडलेली असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. डिझेल इंजिनात मात्र हवा खूप दाबायची असल्याने ही जागा फारच कमी असते. तिथे बेल्ट तुटणे म्हणजे बहुतेक वेळा हेड उतरवण्याचे काम.

दातेरी पट्टा ही मुळात मोटारीसाठी निघालेली वस्तू नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत तो आला तो सिंगरच्या शिवणयंत्रासाठी. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारीत कॅमशाफ्ट फिरवायला तो पहिल्यांदा वापरला जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १९६२च्या ‘ग्लास १००४’मध्ये. साखळीपेक्षा हलका, स्वस्त, आवाज कमी आणि तेलही नको. बदल्यात एकच अट, तो वेळेवर बदलायचा.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिने आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेले फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन साखळीवर चालते. जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, २.५ लिटर डिझेलची इनोव्हा, डस्टर डिझेल या गाड्यांना बेल्ट आहे. नालासोपारा-विरार पट्ट्यात यातल्या किती तरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे अजून रोज धावतात आणि बेल्ट शेवटचा कधी बदलला हे अनेकदा आताच्या मालकाला ठाऊक नसते. बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्हींत दिलेली असते. जे आधी होईल ते धरायचे. गाडी उभी असली तरी रबराचे वय वाढतच असते.

मग हा बोल्ट मध्ये कुठून आला?

बेल्ट प्लास्टिकच्या झाकणांच्या आत असतो. खालचे झाकण आणि आपण यांच्यामध्ये येते क्रँक पुली. अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग यांचे बाहेरचे पट्टे फिरवणारे हे जाड चाक. ते क्रँकशाफ्टच्या टोकाला बहुतेक गाड्यांत एकाच मोठ्या बोल्टने आवळलेले असते. पुली निघाल्याशिवाय झाकण निघत नाही आणि झाकण निघाल्याशिवाय बेल्ट. फोक्सवॅगनच्या अनेक इंजिनांत पुलीला बाजूचे छोटे बोल्ट असतात आणि मधल्या मोठ्या बोल्टला हात लावावा लागत नाही. त्यामुळे पाना उचलण्याआधी आपल्या इंजिनाची रचना कोणती आहे ते पाहिलेले बरे. नको तो बोल्ट खोलण्यात शहाणपणा नाही.

तो इतका घट्ट का?

बोल्ट हा एका अर्थी स्प्रिंगच. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. अभियांत्रिकीच्या ‘मशीन डिझाइन’च्या पेपरला हमखास येणारी गोष्ट इथे कामाला येते. पान्यावर आपण जेवढा जोर लावतो, त्यातला ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. म्हणजे जाम बोल्टाशी झगडणारा माणूस खरे तर घर्षणाशी झगडत असतो. घर्षण थोडे कमी झाले तरी लागणारा जोर खूप कमी होतो.

नवा, स्वच्छ बोल्ट आवळायला जितका जोर लागतो त्याहून थोडा कमीच जोर तो सोडवायला लागतो, कारण ताणलेला बोल्ट स्वतःच सुटायला पाहत असतो. काही वर्षांनी चित्र उलटे होते. क्रँक पुलीचा बोल्ट मुळातच चाकाच्या नटापेक्षा बराच जास्त आवळलेला असतो. काही इंजिनांत, उदाहरणार्थ फोर्डच्या काहींत, क्रँकवर दातेरी चाक जागेवर धरायला चावी म्हणजे की नसते. सगळा भार या एका बोल्टच्या दाबावर. तिथे बोल्ट सैल झाला की टायमिंगच सरकते. म्हणून कंपनी तो ढिला ठेवूच शकत नाही. काही बोल्टांच्या आट्यांना कारखान्यातच लॉकिंगचे रसायन लावलेले असते. मागच्या वेळी कुणी हवेच्या गनने मनसोक्त आवळला असेल तर त्याचीही भर पडते.

आणि मग गंज. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ही जागा मिळत नाही, मग तो आतून आवळत जातो. वसई-विरारला खाडीचे आणि समुद्राचे खारे वारे आहेत, मिठागरे आहेत. हवेतले मीठ ओलाव्याबरोबर धातूवर बसले की गंजण्याचा वेग वाढतो. त्यात पावसाळा. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले आणि वसई रोड-विरार दरम्यानची लोकल सेवा बंद पडली, ते अनेकांच्या लक्षात असेल. रूळ पाण्याखाली जाण्याएवढा पाऊस दरवर्षी पडत नसला तरी तुळिंज रोड, आचोळे रोड, सेंट्रल पार्क या भागात पाणी साचणे नवे नाही. क्रँक पुली इंजिनाच्या तळाशी, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला असते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की तो गढूळ पाण्याचा फवारा पहिल्यांदा झेलणाऱ्या भागांपैकी ती एक. त्या चाकाआडची प्लास्टिकची ढाल फुटलेली किंवा गायब असेल तर विचारायलाच नको. बंपरची खरचट लगेच दिसते, ही ढाल नाही हे बेल्टच्या कामाला चाक काढल्यावरच कळते.

बोल्ट काढण्याची योग्य पद्धत कोणती?

पहिली गोष्ट ताकदीची नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हे काम करायचे नाही. लांब पान्याला आडवा झटका बसला की जॅक कलतो आणि माणूस गाडीखाली असतो. गाडी स्टँडवर हवी, मागच्या चाकांना अडसर हवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी.

मग दिशा. बोल्टच्या डोक्याकडे पाहून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो, हा नेहमीचा नियम. पण उलटे आटे जगात असतात. सायकलचे डावे पेडल ज्याने काढले आहे त्याला हे माहीत आहे. शंका असेल तर त्या इंजिनाचे सर्व्हिस मॅन्युअल पाहायचे. उलट्या दिशेने जोर लावत अर्धा तास घालवल्यावर बोल्ट सुटत तर नाहीच, तुटायला मात्र तयार होतो.

तिसरी पायरी सगळ्यांत स्वस्त, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. तारेच्या ब्रशने बोल्टचे डोके आणि भोवतालचा भाग घासून साफ करायचा, गंज शोषणारे पातळ तेल मारायचे आणि थांबायचे. पाच मिनिटे नव्हे. शक्य असेल तर आदल्या रात्री मारून ठेवायचे, अधूनमधून बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. निळ्या-पिवळ्या डब्यातले डब्ल्यूडी-४० सगळ्या गॅरेजांत असते. १९५३मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते तयार झाले ते पाणी हटवून धातू गंजू नये म्हणून. नावातले ‘४०’ म्हणजे चाळिसावा प्रयत्न. साध्या गंजाला ते चालते, पण जुनाट जाम बोल्टसाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी पडते. तेल कोणतेही असो, ते बेल्टवर उडता कामा नये. जुना बेल्ट जाणारच असतो, पण दातेरी चाकांवर आणि टेन्शनरवर राहिलेले तेल नव्या बेल्टला लागते आणि रबर खराब होते. म्हणून फवारा नको, थेंब थेंब हवे आणि नंतर सगळे पुसून काढायला हवे.

चौथी गोष्ट सॉकेटची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गोटीची. ती सहा कोनांचीच हवी. बारा कोनांची गोटी डोक्याच्या टोकांना धरते आणि जोर वाढला की कोपरे घासून बोल्ट गोल करते. सहा कोनांची सपाट बाजूंना धरते. गोटी शेवटपर्यंत आत बसली पाहिजे. डोक्याच्या खाचेत साचलेला चिखल आधी टोकरून काढावा लागतो. घासलेली, सैल गोटी या कामाला वापरूच नये.

आता मुख्य अडचण. बोल्ट फिरवायला गेलो की बोल्टसकट सगळा क्रँकशाफ्टच फिरतो. म्हणून तो धरून ठेवावा लागतो आणि सगळ्यात महागड्या चुका याच टप्प्यावर होतात. मॅन्युअल गिअरच्या गाडीत वरचा गिअर टाकून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा, ही जुनी आणि बऱ्याचदा चालणारी पद्धत. ऑटोमॅटिक गाडीत ती चालत नाही. फ्लायव्हीलच्या दातांत अडकवायचे लॉक किंवा पुली धरणारे खास हत्यार हा खात्रीचा मार्ग. काय चालत नाही तेही पाहू. बेल्टच्या आधाराने क्रँक अडवून धरणे चालत नाही. त्याचे दात एवढा भार घ्यायला बनलेले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे टायमिंगच्या पिनांवर जोर घेणे. क्रँक आणि कॅम ठरल्या जागी आहेत ना, हे पाहण्यासाठी या पिना असतात. त्या जागा दाखवतात, भार पेलत नाहीत. बोल्ट सोडवताना पिन वाकली किंवा आत तुटली तर एका कामाची दोन कामे होतात.

पाइप लावायचा की इम्पॅक्ट गन?

दोन्ही मार्ग आहेत, पण ते वेगळ्या तत्त्वावर चालतात. पाइपचे गणित साधे. ६० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्यावर पूर्ण भार टाकतो तेव्हा बोल्टवर साधारण ३०० न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. दांड्याला पाइप लावून तो एक मीटरचा केला की तोच माणूस ६०० पर्यंत जातो. पीळ वाढतो तसा सगळ्याच वस्तूंवर वाढतो: गोटीवर, दांड्यावर, क्रँक धरून ठेवणाऱ्या हत्यारावर आणि बोल्टवरही. बोल्ट अचानक सुटतो तेव्हा दांडा कुठे जाणार आणि आपला हात कुठे आदळणार, हे आधी पाहून ठेवायचे. शक्यतो दांडा आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. एकदम सोडवायला न जाता आधी अगदी थोडा घट्ट करण्याच्या दिशेने झटका द्यायचा आणि मग सोडवायचा, ही मेकॅनिक मंडळींची सवय शास्त्राला धरून आहे. उलटसुलट हालचालीने गंजाचा थर तुटतो.

इम्पॅक्ट गन सलग जोर देत नाही. तिच्या आत फिरणारा हातोडा असतो, तो सेकंदाला अनेक ठोके देतो. ठोका इतका छोटा असतो की जड क्रँकशाफ्ट फिरायला लागण्याआधीच तो संपतो. म्हणून गन वापरली की बऱ्याचदा क्रँक वेगळा धरावा लागत नाही. याच कारणाने पाइपला न जुमानलेला बोल्ट गनने काही सेकंदांत सुटतो. पण गन आणि बोल्ट यांच्यामध्ये लांब एक्स्टेन्शन किंवा वाकणारा जॉइंट आला की ठोक्याची बरीच ताकद त्यांनाच पिळण्यात खर्ची पडते. चाकाच्या कमानीत जागा कमी असते, हा पेच तिथे येतो. होंडाच्या काही गाड्यांच्या कुप्रसिद्ध क्रँक बोल्टसाठी मुद्दाम जाड, वजनदार गोटी मिळते ती याचसाठी; जड गोटी ठोका वाया जाऊ देत नाही.

तिसरा मार्ग उष्णतेचा. याबाबत गैरसमज बराच आहे. ॲल्युमिनियमच्या भागात रुतलेला स्टीलचा बोल्ट, म्हणजे टेन्शनरचा किंवा वॉटर पंपाचा, तापवल्याने सैल होतो. कारण तेवढ्याच तापमानवाढीत ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. क्रँक बोल्टला हा फायदा मिळत नाही, तिथे दोन्हीकडे लोह कुळातलाच धातू. तिथे उष्णतेचा उपयोग गंजाचा थर फोडायला आणि लॉकिंगचे रसायन मऊ करायला. मात्र बोल्टच्या मागेच क्रँकचे रबरी ऑइल सील असते, पुलीच्याही आत रबराचा थर असतो, वर ताजे पेनिट्रेटिंग तेल. गॅसची ज्योत तिथे नेणे म्हणजे आग आणि तेलगळती दोन्हींना आमंत्रण. फक्त बोल्ट तापवणारे इंडक्शन हीटर असेल तरच हा मार्ग धरावा.

स्टार्टरचा ‘जुगाड’ वापरावा का?

नाही. पान्याचा दांडा चेसिसला किंवा जमिनीला टेकवायचा आणि चावी मारून स्टार्टरनेच बोल्ट सोडवायचा, ही युक्ती व्हिडिओंमध्ये फार सोपी दिसते. तत्त्व बरोबर आहे. बोल्टचे डोके अडवून धरले आणि क्रँक फिरला की बोल्ट सुटतो. पण दांडा सटकला तर तो कुणाच्या पायावर किंवा रेडिएटरवर जाईल ते सांगता येत नाही. इंजिन चालू झाले तर सुटा झालेला बोल्ट आणि पुली घेऊनच ते फिरेल. आणि होंडाची काही जुनी इंजिने उलट्या दिशेने फिरतात. तिथे ही युक्ती बोल्ट सोडवण्याऐवजी आणखी आवळते.

डोके गोल झाले किंवा बोल्ट तुटला तर?

डोके थोडे घासले असेल तर आतून पिळदार दाते असलेली खास गोटी ठोकून बसवता येते. पूर्ण गोल झाले असेल तर वरून नट वेल्ड करून तो फिरवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो, त्यामुळे हा उपाय दिसतो त्याहून चांगला चालतो. बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्शन काढल्याशिवाय मात्र वेल्डिंगला हात लावू नये. छिन्नी लावून डोके फिरवण्याचा प्रकार टाळलेलाच बरा. छिन्नी सटकली की पुलीची कड जाते, मग नवा पट्टा लावला तरी तो कापला जातो.

बोल्ट तुटून आट्यांचा भाग क्रँकमध्येच राहिला तर काम गॅरेजच्या हाताबाहेर जाऊ शकते. तुटक्या भागाच्या बरोबर मध्यावर भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर लावावा लागतो. भोक बाजूला गेले तर क्रँकचे आटे जातात, एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर पोलादापेक्षा कठीण तुकडा तिथे अडकतो. इथे वसईकरांची एक सोय आहे. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये लेथ, मिलिंग आणि वेल्डिंगवर काम करणारे हात भरपूर आहेत. अशा माणसाला गाडीजवळ बोलावणे किंवा गाडी टो करून नेणे, हे तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापेक्षा स्वस्त पडते.

पुन्हा बसवताना काय चुकते?

बोल्ट निघाला की सगळे सैलावतात आणि खरी गडबड इथे होते. अनेक इंजिनांत हा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. तो ठरलेल्या टॉर्कवर आवळून पुढे ठरावीक अंशांत फिरवला जातो, त्यात तो कायमचा ताणला जातो. असा बोल्ट पुन्हा लावला तर पहिल्यासारखा दाब मिळत नाही. बेल्टच्या मानाने नवा बोल्ट म्हणजे किरकोळ खर्च. तो वाचवू नये.

आवळायला टॉर्क पाना हवा, इम्पॅक्ट गन नको. आट्यांना तेल लावायचे की कोरडे ठेवायचे, हेही मॅन्युअल सांगते त्याप्रमाणे करायचे. घर्षणाचा हिशेब आठवा: तेल लावल्याने घर्षण घटले की तेवढ्याच टॉर्कवर बोल्ट खूप जास्त ताणला जातो. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून ग्रीस चोपडणे अंगलट येऊ शकते. उलट बाजूला, बोल्ट सैल राहिला तर पुली थरथरते, कीची खाच खाल्ली जाते आणि क्रँकशाफ्टच निकामी होतो.

बोल्टाशी झटापट होताना क्रँक थोडा मागे फिरला असण्याची शक्यता असते. म्हणून नवा बेल्ट बसवल्यावर टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून पाहायच्या आणि चावी मारण्याआधी पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठेही अडकल्यासारखे वाटले तर तिथेच थांबायचे. हाताला लागलेला अडथळा दुरुस्त होतो, स्टार्टरने जोरात धडकवलेला व्हॉल्व्ह बदलावाच लागतो.

गाडीमालकाने काय विचारावे?

सगळ्यांत धोक्याचे वाक्य असे असते: ‘बोल्ट निघत नाहीये, बेल्ट तसा बरा दिसतोय, अजून वर्षभर चालेल.’ बाहेरून बरा दिसणारा बेल्ट आतून गेलेला असू शकतो. त्यातला भार पेलणारा काचतंतूंचा दोर रबराच्या आत असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. मुदत संपलेली असेल तर ‘चालेल’वर विसंबून महामार्गावर गाडी नेऊ नये. आज बोल्ट निघत नसेल तर तेल मारून रात्रभर ठेवू द्यावे किंवा गन असलेल्या दुसऱ्या गॅरेजला काम द्यावे. बेल्ट अजून जागेवर असेल आणि काहीही सैल केलेले नसेल तरच गाडी चालवत तिथे नेता येते. बेल्ट उतरवला असेल तर टोइंग. ती गिअरमध्ये टाकून ढकलायचीही नाही.

काम देण्याआधीच तीन-चार गोष्टी स्पष्ट करून घेतल्या तर नंतरचा वाद टळतो. क्रँक धरून ठेवायला कोणते हत्यार आहे? टॉर्क पाना आहे का? नवा बोल्ट अंदाजपत्रकात धरला आहे का? आणि बोल्ट तुटला तर खर्च कुणाचा? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण जाम बोल्ट तुटणे ही दर वेळी मेकॅनिकची चूक नसते आणि दर वेळी ती मालकाच्या माथी मारण्यासारखीही नसते. आधी बोलून ठेवले तर दोघांनाही घाई करावी लागत नाही. टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवरच फिरत असेल तर वॉटर पंपही याच वेळी बदलून घ्यावा. तेवढ्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा हाच बोल्ट खोलायची हौस कुणालाच नसेल.

हे काम जमल्यास जूनच्या आधी उरकावे आणि चाकाआडची ती प्लास्टिकची ढाल फुटली असेल तर त्याच वेळी नवी लावून घ्यावी. काम झाल्यावर जुना बेल्ट आणि जुना बोल्ट मागून घ्यावा, आणि बेल्ट बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिलेले स्टिकर बॉनेटखाली लावायला सांगावे. गाडी पुढे विकली तर नव्या मालकाला ते वाचता येईल.